पिंजऱ्यातले शंभर मिलिसेकंद

झडप बंद होती. एवढंच झालं.

मंगळवारी सकाळी मी लेसर सुरू केला, त्याच्या तोंडावरची धातूची झडप उघडायला विसरले आणि चाळीस मिनिटं तशीच मोजणी करत बसले. म्हणजे उजेडाचा एक कणही यंत्रात शिरला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचं तरी असं होतंच. माणूस स्वतःला चार शिव्या घालतो, आकडे पुसतो आणि परत सुरुवात करतो. मीही शिव्या घातल्या. आकडे पुसायला गेले, पडद्याकडे बघितलं आणि हात तिथेच राहिला. आलेखावर दुसरं शिखर आलं होतं, चांगलं ठसठशीत.

ते यायला नको होतं. ते लेसरमुळेच येतं असं मी चार वर्षं छातीठोकपणे सांगत होते. त्यावर आमचा लेख छापून आला होता, माझ्या प्रबंधाचं सगळ्यात जाड प्रकरण त्यावरच उभं होतं, आणि तो प्रबंध पंधरा दिवसांत जमा करून मी इथून कायमची निघणार होते. दुसऱ्या शहरात नोकरी ठरली होती. दोनदा त्यांनी मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा वाढवणार नाही, एक तारखेला या नाहीतर येऊ नका, असं स्वच्छ कळवलं होतं. नवरा आणि लेक आधीच तिथे राहायला गेलेत. बबडी पाच वर्षांची आहे आणि मी तिला महिन्यातून दोनदा भेटते. मागच्या खेपेला घरात शिरले तर तिने मोठ्या अगत्याने विचारलं, तुला बाथरूम कुठे आहे माहितीये का, दाखवू का. मी माहितीये म्हटलं आणि आत जाऊन नळ सोडून बसले.

इथे मी ताईकडे राहते. भाऊजींच्या कामाच्या खोलीत, प्रिंटरच्या शेजारी गादी टाकून. सहा महिन्यांचा प्रश्न आहे म्हणत आले होते, त्याला तीन वर्षं झाली. भाऊजी बिचारे काही छापायचं असलं तर स्वतःच्याच दारावर टकटक करतात.

आता हे शिखर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझं रडगाणं कुणाला कळायचं नाही. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, दहा-वीस मण्यांची माळ धरा. ही माळ स्वतःभोवती घडी घालून बसते, आणि घडी कशी आहे यावर तिचं सगळं वागणं ठरतं. आमच्या यंत्रात हे तुकडे विद्युतभार देऊन सोडतात. आधी ते एका पिंजऱ्यात जमतात. पिंजरा म्हणजे चार सळ्या आणि त्यांच्यामधलं विद्युतक्षेत्र, माझ्या तळहाताएवढा. तिथे त्यांच्यावर लेसर पडतो. मग ते वायू भरलेल्या एका लांब नळीतून धावतात. घट्ट घडी घातलेला तुकडा पटकन पार होतो, हातपाय पसरलेला धडपडत उशिरा पोचतो. शेवटी त्यांचं वजन होतं. म्हणजे एका दमात तिन्ही गोष्टी कळतात: आकार कसा, वजन किती, आणि लेसरने मोडला असेल तर कुठे मोडला.

आमचा शोध असा होता की लेसर पडला की या माळेची घडी उलगडते आणि उलगडल्यावरच ती मोडते. लेसर बंद असताना एकच शिखर, सगळे घडीतले. लेसर चालू केला की उशिरा पोचणाऱ्यांचं दुसरं शिखर. चार परिषदांमध्ये मी हे चित्र दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आता झडप बंद, उजेड शून्य, तरी दुसरं शिखर.

मला कारण शोधायला दहा मिनिटं लागली. चार वर्षं जे दिसलं नाही ते दहा मिनिटांत दिसलं, याचाच जास्त संताप आला. आमच्या संगणकावर दोन फाइली आहेत, 'लेसर चालू' आणि 'लेसर बंद'. मोजणी करताना यातली एक उघडायची आणि बटण दाबायचं, बाकी सगळं आपोआप. लेसर सेकंदाला दहा वेळा चमकतो, म्हणून 'चालू' फाइल तुकड्यांना पिंजऱ्यात शंभर मिलिसेकंद थांबवते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी झगझगाट येतो. 'बंद' फाइलमध्ये कुणाची वाट बघायची नसते, म्हणून तिथे वेळ ठेवला होता दहा. झालं. आम्ही सगळे शपथेवर सांगत होतो की दोन्हींमध्ये फरक फक्त लेसरचा आहे. फरक कोंडून ठेवण्याचाही होता, आणि ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शंभर मिलिसेकंद म्हणजे पापणी लवायचा वेळ. पण पेप्टाइडसाठी तो खूप झाला. पिंजऱ्यातलं क्षेत्र त्यांना सारखं हलवत असतं, ते वायूवर आपटतात, तापतात आणि शेवटी घडी सोडतात. त्यांना उलगडत होता तो पिंजरा. लेसरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी खात्री म्हणून लेसरचं बटणच बंद केलं, 'बंद' फाइलमध्ये दहाच्या जागी शंभर टाकले आणि परत मोजलं. दुसरं शिखर हजर.

दोन्ही फाइली कुणी बनवल्या होत्या हे बघायची गरज नव्हती. पहिल्या वर्षी, बबडी पोटात असताना, मळमळ होत असताना, मीच बनवल्या होत्या.

संध्याकाळी ताईला सांगितलं. ती कणीक मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तुझी ती माळ कोंडून ठेवल्यामुळे बिघडली. आणि तू इथे सहा वर्षं."

"ताई, तात्पर्य नको."

"मी कुठे काय म्हटलं? बिघडलीस हे तर दिसतंच आहे."

मग तिने हात धुतले आणि सरळ विचारलं, की कुणाला कळेल का. मी म्हटलं, कदाचित कधीच नाही. ती म्हणाली, मग गप्प बस आणि निघ. मला तिचा राग आला, कारण दुपारपासून माझ्या मनातही तेच चाललं होतं.

रात्रभर कूस बदलली आणि सकाळी सरांकडे, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांकडे, गेले.

सर ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ बघितले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"माझ्या बहिणीला. तिला यातलं काही कळत नाही."

"लेख दुरुस्त करावा लागेल," सर म्हणाले. माझ्या जिवात जीव आला, कारण ते 'सोडून दे' म्हणतील अशी मला भीती होती, आणि आशाही होती. "पण नियतकालिकाला जे पत्र जाईल त्यात कारण द्यावं लागतं. आणि कारणावर तुझं सगळं अवलंबून आहे, ते नीट ऐक."

मी ऐकलं. विद्यापीठाचा नियम असा की प्रकरण यंत्राच्या दोषामुळे चुकलं असेल तर ते वगळून, टीप जोडून उरलेला प्रबंध जमा करता येतो. चूक विद्यार्थ्याची असेल तर ते प्रकरण नव्याने करायचं. नव्याने म्हणजे सगळी मोजणी परत, एक वर्ष तरी.

"वेळेची पेटी मिस्त्रींनी बांधलेली आहे," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "पिंजऱ्याचं दार कधी उघडायचं ते ती पेटी ठरवते. जोडणीत चूक होती, त्यामुळे लेसर बंद असताना दार लवकर उघडत होतं, असं आपण लिहू शकतो. मिस्त्री दोन महिन्यांत निवृत्त होत आहेत. त्यांचं काही बिघडणार नाही. तुझं मात्र बरंच बिघडू शकतं."

मिस्त्री म्हणजे आमचे तंत्रज्ञ. हे त्यांचं आडनाव नाही. इथे जे काही मोडतं ते त्यांच्याकडे जातं आणि दुरुस्त होऊन येतं, म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलेलं नाव. एकतीस वर्षं ते तळमजल्यावरच्या कार्यशाळेत बसतात. त्यांची एक खोड आहे: कुठलीही जोडणी झाली की ती तीनदा तपासायची, आणि तिसऱ्यांदा तपासताना मोठ्याने बोलायची. लाल वायर इथे, पिवळी इथे, निळी जमिनीला. नवीन मुलं हसतात. मीही हसायचे.

त्यांच्यावर खापर फोडायचं, आणि तेही त्यांच्या पाठीमागे, हे मला पटेना. म्हणून मी स्वतः खाली गेले आणि सगळं सांगितलं. सरांचा प्रस्तावही सांगितला. मनात असं होतं की ते चिडतील, नाही म्हणतील, आणि माझी निवड करण्यापासून सुटका होईल. इतकी मी भित्री.

ते चिडले नाहीत. स्टुलावर बसून ऐकत राहिले.

"पोरगी केवढी झाली तुझी?"

"पाच."

"लिही," ते म्हणाले. "माझं काय जाणार आहे? दोन महिन्यांनी इथे माझी खुर्चीपण नसेल. लिही तू, बाईसाहेब, आणि जा घरी. सहा वर्षं बघतोय तुला. आलीस तेव्हा हसायचीस तरी."

"तुमचं नाव खराब होईल."

"नाव कुठे आहे त्यावर? मला इथे मिस्त्री म्हणतात."

मी वर आले. सरांनी पत्र तयारच ठेवलं होतं. मी सही केली. सही करताना सुटल्यासारखं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. जिना उतरताना मी नवऱ्याला फोन करून तिकीट काढायला सांगितलं. फोनमागे बबडी ओरडत होती, आई येणार, कायमची येणार. संध्याकाळी ताईने भाऊजींना खोली परत मिळणार म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, मला आता दारावर टकटक केल्याशिवाय छापता यायचं नाही. आम्ही तिघंही हसलो. मला वाटतं तीन वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा पोट भरून जेवले.

गुरुवारी सकाळी सरांनी निरोप दिला की छापील लेखाची दुरुस्ती आहे म्हटल्यावर संस्थेची समिती शुक्रवारी पेटी बघायला येणार. साधी पद्धत आहे, काळजीचं काही नाही. मी ते मिस्त्रींना सांगायला खाली गेले.

कार्यशाळेचं दार अर्धं उघडं होतं. पेटी टेबलावर होती, झाकण काढलेलं. मिस्त्री माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि हातात वायरींना डाग देण्याची, सोल्डरिंगची बंदूक होती. ते काहीतरी पुटपुटत होते. मला आधी वाटलं नेहमीचं चाललंय. मग शब्द कानावर आले.

"पिवळी इथे नाही. पिवळी तिकडे. लाल इथे."

ते वायर उलट्या लावत होते. समितीला चूक सापडायला हवी, तर चूक असायला हवी ना. पत्र लिहिताना हे ना माझ्या डोक्यात आलं होतं ना सरांच्या. त्यांच्या आलं होतं. त्यांनी डाग दिला, फुंकर घातली आणि पुढे वाकून बघितलं. मग सवयीने दुसऱ्यांदा तपासलं, मग तिसऱ्यांदा, मोठ्याने, चुकीची जोडणी बरोबर चुकली आहे ना हे. आवाज नेहमीचाच होता. मान मात्र खाली गेली होती, शाळेत मार खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखी.

मला लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. मी हाक न मारता तशीच मागे फिरले आणि दोन-दोन पायऱ्या चढत सरांच्या खोलीत गेले.

"सर, पत्र परत हवंय."

"काल दुपारीच गेलं ते." सरांनी मान वर केली. "काय झालं?"

"ते पेटी बिघडवतायत. स्वतःच्या हाताने."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही. नुसता हातात धरून बसले.

"मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मीही नव्हतं सांगितलं. मी दुसरं पत्र लिहिते."

"अगं, एक वर्ष जाईल. नोकरी जाईल. घरी काय सांगणार आहेस?" आणि मग हळू आवाजात, "आज लिहिलंस तर पहिलं खोटं होतं हेही सांगावं लागेल. त्यावर माझीही सही आहे."

हे खरं होतं. सर वाईट माणूस नाहीत. मला वाचवायला निघाले होते आणि आता माझ्याबरोबर तेही अडकणार होते. मी म्हटलं, "तुमची सही माझ्या सांगण्यावरून झाली असं लिहिते." ते म्हणाले, "नको. आता आणखी एक खोटं नको." आणि खुर्ची सरकवून त्यांनी मला स्वतःच्या संगणकासमोर जागा करून दिली.

पत्र सात ओळींचं झालं. दोन फाइलींमध्ये पिंजऱ्यातला वेळ वेगळा होता. दोन्ही फाइली मी बनवल्या होत्या. दुसरा आकार लेसरमुळे तयार होतो हा निष्कर्ष मागे घेत आहोत. वेळेच्या पेटीत कोणताही दोष नव्हता आणि कालच्या पत्रात दिलेलं कारण असत्य होतं. खाली आमची दोघांची नावं. सरांनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि बटण त्यांनीच दाबलं. प्रत विद्यापीठालाही गेली. मग ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि मला जा अशी खूण केली.

मी खाली गेले. मिस्त्रींना म्हणणार होते, करा ते सरळ, गरज नाही आता. पण मी दारात पाय ठेवला तर पेटीचं झाकण लागलेलं होतं, आणि ते शेवटचा स्क्रू आवळत होते. मला बघून उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "मला नाही जमलं."

"काय नाही जमलं?"

"उलट्या केल्या होत्या मी वायर. नीट केल्या होत्या, कुणालाही पटलं असतं. पण तशी पेटी ठेवून मला इथून उठता येईना. म्हटलं, झाकण लावून टाकू, दिसणार तरी नाही. तरी उठता येईना." त्यांनी हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. "सरळ करून टाकल्या. उद्या ते लोक येतील, त्यांना सगळं ठीक सापडेल आणि तुझं पत्र खोटं पडेल. तुझं वाटोळं केलं मी, पोरी. शब्द दिला होता मी तुला."

मला रडू फुटलं. मी तशीच रडत त्यांना दुसऱ्या पत्राचं सांगितलं, निम्मं त्यांना कळलंही नसेल. त्यांनी मला स्टूल दिलं.

"म्हणजे जाणं राहिलं," ते म्हणाले.

"राहिलं."

"आधी घरी फोन कर. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे."

ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी नवऱ्याला फोन लावला, उचलला बबडीने. बाबा गच्चीवर कपडे काढायला गेलाय, म्हणाली. मग लगेच, "तू निघालीस?"

"नाही ग. माझं एक काम चुकलंय. ते परत करायला लागणार आहे."

"मग कधी येणार कायमची?"

"थोडं थांब. तू सहा वर्षांची होशील ना, तेव्हा."

पलीकडे ती मोजायला लागली. ती बोटांवर मोजते ते मला इथूनही दिसतं.

"आई," ती म्हणाली, "सहाची मी पुढच्याच महिन्यात होणार आहे. तू सातला म्हणतेस का?"

सेकंदाच्या दहाव्या भागासाठी मी सगळं पणाला लावून बसले होते, आणि माझ्या मुलीचं वय माझ्या डोक्यात कधीच थांबून गेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "सातला. चुकलं माझं."